टोपणावरची खूण

आमच्या पेनवाल्यांच्या ग्रुपमध्ये एक नियम आहे. दिलेला पेन परत मागायचा नाही. अदलाबदल झाली, दोघांनी चहा घेतला, विषय संपला. हा नियम ज्यानं कुणी केला त्याचा बाप खंडेनवमीला हत्यारं मांडून बसत नसणार. माझा बसतो. म्हणून मी नियम मोडला, आणि मोडूनही जे हाती यायला पाहिजे होतं ते आलं नाही. त्याचा हा सगळा वैताग आहे.

शाईच्या पेनाचा नाद म्हटलं की लोकांना वाटतं, हा पुण्याच्या शिकल्यासवरल्या घरांतला शौक. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मी चढले. नांदेडला हॉस्टेलवर राहून बी.ए. झाले आणि आता लातूरला एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. दाखले हल्ली कॉम्प्युटरवर निघतात, पण शेरा आणि सही हातानंच करावी लागते. माझा शेरा वाचता येत नाही असं आजवर एकाही पालकानं म्हटलेलं नाही. चांगल्या अक्षराला चांगला पेन लागतो. मला एवढं कारण पुरतं.

नाद वाढत गेला तसे पेन आले आणि गेले. गेलेलेच जास्त. एक निळा होता, बारीक निबचा. उन्हाळ्यात त्याची शाई वाळायची म्हणून विकला. लातूरच्या उन्हाळ्यात माणसं वाळतात, तिथं पेनाचं काय घेऊन बसायचं, पण हे तेव्हा सुचलं नाही. एक जाडजूड पिवळसर होता. तो मी शाईच्या एका बाटलीवर देऊन टाकला, कारण त्या दिवशी त्या शाईचा रंग फार आवडला होता. शाई संपली, बाटलीत आता घरातल्या सुया आहेत. तिसरा ज्या बाईंना विकला त्या दर बैठकीला तोच घेऊन येतात, माझ्यासमोर बसून त्याच्यानं लिहितात आणि वर विचारतात, काय ताई, सध्या काय वापरताय. या सगळ्यांचं वाईट वाटतं. पण ते पोट बिघडल्यासारखं, आपोआप निवळतं. एकाचं तेवढं निवळत नाही.

तो आबांनी घेतलेला. आबा म्हणजे माझे वडील. लोह्यापासून आत आमचं गाव आहे. मला नांदेडच्या कॉलेजात घातलं त्या दिवशी फीची पावती खिशात नीट ठेवून आबा मला वजिराबादेतल्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं आमच्या पायातल्या चपला बघून बॉलपेनांची बरणी पुढं केली. आबा म्हणाले, शाईचा दाखवा. मग त्यानं आतून एक पेन काढला. काळपट हिरवा, अंगावर लाकडाच्या रेषांसारख्या लाटा, कडक रबराचा, आंध्राकडच्या कुणा कारागिरानं हातानं कातलेला. कांडी उघडून ड्रॉपरनं शाई भरायची. आता आमच्या ग्रुपमधली मंडळी त्या रबराला एबोनाइट म्हणतात आणि नाव घेताना आवाज खाली करतात. तेव्हा तो दुकानातला साधा पेन होता. दुकानदारानं चालवून बघा म्हणून कागदाचा तुकडा दिला. आबांनी पेन हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि माझ्याकडं सरकवला. "तू लिव्ह," म्हणाले. मी माझं नाव लिहिलं. आबांनी तो तुकडाही खिशात ठेवला.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते कानस शोधायचं. आमच्याकडं प्रत्येक घराच्या हत्यारांना खूण असते. खुरपणीला, काढणीला पाचपन्नास बाया एका रानात उतरतात, दुपारी जेवायला बसताना खुरपी एका जागी पडतात, उठताना कुणाचं कुणाकडं जातं. म्हणून मुठीवर खूण. कुणाची चौकट, कुणाचं टिंब, कुणाची फुली. आमची दोन उभ्या रेघा आणि त्यांना कापत जाणारी एक तिरपी. ती आजोबांपासूनची. गोठ्यातल्या अंधारात हात घालून आबा नुसता अंगठा फिरवतात आणि आपला विळा बाहेर काढतात, बघावं लागत नाही.

तर त्यांनी माझ्या नव्याकोऱ्या पेनाचं टोपण गुडघ्यांत धरलं आणि त्याच्यावर कानस चालवली. मी किंचाळलेच. हिरवा भुगा त्यांच्या धोतरावर पडला. "काहून वरडून राहिलीस?" ते मान वर न करता म्हणाले. "हॉस्टेलात लई पोरी असत्यात. कुणाचा पेन कुणाकडं गेला तर काय तपास लागंल?" दोन उभ्या, एक तिरपी. वर अंगठा फिरवून बघितला आणि पेन माझ्या हातात दिला. मी त्या दिवशी जेवले नाही.

सगळं कॉलेज मी त्या खुणेवर बोट ठेवून काढलं. लिहिताना टोपण मागं लावायचं आणि खूण खालच्या अंगाला वळवायची. तरी एका मैत्रिणीला ती दिसली आणि तिनं विचारलं, उंदरानं कुरतडलाय का गं? मी हो म्हटलं. पण परीक्षा सगळ्या त्याच पेनानं दिल्या, आणि हॉस्टेलात खरंच पेन हरवायचे, माझा कधी हरवला नाही. याचं श्रेय मी तेव्हा आबांना दिलं नाही.

आता खंडेनवमीचं सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी हत्यारं पुजतो. आमच्या घरी ओसरीत धुतलेलं पोतं अंथरतात, त्यावर विळे, खुरपी, कुऱ्हाड, कोयता, तिफणीचे फण, अलीकडं फवाऱ्याचा पंप आणि मोटारीचे पानेसुद्धा. सगळं घासून, तेलाचा हात फिरवून. वर हळदकुंकू, झेंडूची फुलं, पुरणाचा नैवेद्य. मी बी.ए. झाले त्या वर्षी आबांनी रांगेत शेवटच्या खुरप्याशेजारी माझा पेन मांडला. चुलते हसले. म्हणाले, ह्यानं काय तूर कापायची का? आबांनी पेनाला कुंकू लावलं आणि सांगितलं, हे माझ्या लेकीचं हत्यार हाय, ती ह्याच्यावर खाती. मला तेव्हा नोकरीसुद्धा लागलेली नव्हती.

लग्न होऊन मी लातूरला आले. सासरी नवमीला घरचा कुळाचार असतो, सुनेला हलता येत नाही. म्हणून मी नाही गेले तरी पेन जायचा. चष्म्याच्या डबीत घालायचा, डबीला रबर लावायचं, आणि नांदेडकडं जाणाऱ्या एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरकडं द्यायची. लोह्याच्या स्टँडवर धाकटा भाऊ उभा असायचा. दसरा झाला की डबी तशीच उलट यायची, आत पेन, पेनाला कुंकू आणि चार आपट्याची पानं. माझे यजमान म्हणायचे, तुझ्यापेक्षा तुझा पेनच जास्त माहेरपण करतो. सासूबाईंना हसू यायचं. मलाही यायचं. इतकी वर्षं हे चाललं की त्यात काही विशेष आहे असं वाटायचंही बंद झालं. हीच गोष्ट वाईट.

कारण मग ग्रुप आला. लातूर आणि नांदेडचे मिळून आम्ही पेनवाले व्हॉट्सअॅपवर जमलो. कधी इकडं, कधी तिकडं रविवारी बैठक. पेन टेबलावर मांडायचे, एकमेकांचे चालवून बघायचे, अदलाबदल. नांदेडला स्टेशनजवळच्या एका हॉटेलात बैठक होती, तिथं मी सगळे पेन नेले तसा तोही नेला. नुसता दाखवायला. लातूरचेच एक दाताचे डॉक्टर आहेत ग्रुपमध्ये. माणूस गोड, बोलायला लागले की थांबत नाहीत. त्यांनी तो उचलला आणि प्रकाशात धरला. म्हणाले, मॅडम, असा लाटेचा माल आता होत नाही, हे तुमच्याकडं कुठून? मी म्हटलं, कॉलेजातला आहे. मग त्यांनी त्यांच्या पेनांच्या पेटीतून एक जपानी पेन काढून माझ्यापुढं ठेवला. सोन्याची निब. मी दोन ओळी लिहिल्या. पेन कागदावर टेकतोय हेच कळेना.

मी हिशोब असा केला: आबांचा पेन वर्षातून एकदा बाहेर निघतो, तोही पूजेला. गळतो. हाताला शाई लागते. आणि त्या प्रकारचे पेन त्या गावात अजून कातले जातात, तसाच दुसरा मागवता येईल. पूजेला काय, हिरवा पेन पाहिजे. ज्या बाईनं दहा खुरप्यांतून आपलं खुरपं ओळखणाऱ्या माणसाच्या घरात जन्म घेतला, तिनं हा हिशोब केला.

आणि त्यावर कडी म्हणजे, डॉक्टरांनी टोपण फिरवून बघितलं तेव्हा मी आपणहून बोलले. "टोपणाला जरा ओरखडे आहेत. कॉलेजात असताना कुणीतरी घासलंय."

कुणीतरी. हा शब्द माझ्याच तोंडून गेला. डॉक्टर म्हणाले, काही हरकत नाही, ते बघू. आम्ही चहा घेतला.

मी खरंच तसाच पेन मागवला. तोच हिरवा, तीच लाट, इतक्या वर्षांनी निब तेवढी थोडी वेगळी. नवमीच्या आधी चष्म्याच्या डबीत घालून कंडक्टरकडं दिला. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन. त्यानं आधी आवाज खाली करून सांगितलं की घरी गोंधळ झालाय. आबांनी डबी उघडली, टोपणावर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि पेन डबीत ठेवून दिला. आपला न्हाई म्हणाले. आता ते असं धरून बसले होते की कंडक्टरनं पेन बदलला. लोह्याच्या स्टँडवर जाऊन त्याला विचारतो म्हणून पायात चप्पल घालून तयार.

मी घाबरले. तो बिचारा कंडक्टर इतकी वर्षं चहासुद्धा न घेता माझी डबी नेत होता. मी भावाला म्हटलं, आबांना दे. आबा फोनवर आले. मी सांगितलं की कंडक्टरचा काही संबंध नाही, आपला पेन गळत होता, लातूरला दुरुस्तीला दिलाय, तोवर पूजेला म्हणून दुसरा पाठवला.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दुसरा कशाला? पूजा हत्याराची असती, दुकानाची न्हाई."

त्या वर्षी रांगेत पेन नव्हता. भावानं फोटो पाठवला, शेवटच्या खुरप्याशेजारी जागा तेवढी सोडलेली. फोटो त्यानं सहज पाठवला होता. मी तो मोठा करून करून बघितला आणि मग सोन्याच्या निबच्या त्या जपानी पेनाचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. पेनाचा काय दोष? पण राग कुठंतरी काढावा लागतो.

वर्षभर आबा फोनवर विचारत राहिले. तब्येत, पाऊस, सोयाबीन, आणि शेवटी, पेन झाला का दुरुस्त? मी म्हणायचे, होतोय. एका पेनाला दुरुस्तीला वर्ष लागत नाही हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, मोतीबिंदू काढूनही धूसरच आहे, पण बाकी सगळं दिसतं.

शेवटी मी नियम मोडला आणि डॉक्टरांना फोन केला. जपानी पेन परत घ्या, माझा मला द्या. डॉक्टर आधी हसले. मग म्हणाले, मॅडम, तुम्ही तर बॉम्बच टाकला. तो पेन त्यांना फार आवडला होता, रोजच्या चिठ्ठ्या ते त्यानंच लिहीत होते. मी तेच पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, काही अडचण आहे का?

इथं मी सांगायला पाहिजे होतं. ही माझी घरची खूण आहे, वडील अंगठा फिरवून बघतात, त्यांना ती लागली नाही तर पेन माझा नाही. पाच वाक्यांचं काम. पण पलीकडं डॉक्टर, त्यांच्या घरात तीन पिढ्या डॉक्टर, आणि मी त्यांना आधीच सांगून बसलेली की कुणीतरी घासलंय. आता ते कुणीतरी म्हणजे माझे वडील, आणि पेनाला ते खुरप्याच्या रांगेत मांडतात, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी बी.ए. झाल्याचा अभिमान सगळीकडं मिरवते, पण ती बी.ए. ज्या ओसरीतून आली ती ओसरी दाखवायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. मी म्हटलं, आठवण आहे हो, कॉलेजची.

डॉक्टर चांगले आहेत हेच सगळ्यात मोठं दुःख. ते म्हणाले, आठवण असेल तर प्रश्नच नाही, पेन तुमचाच. पण लगेच दिला नाही. आज देतो, उद्या देतो. थोडं काम बाकी आहे म्हणाले. मला वाटलं, निब ठीक करत असतील, गळती काढत असतील. नवरात्र बसलं. मी दवाखान्यात जाऊन बसले तर बाहेर दात दुखणाऱ्यांची रांग, आणि ते आतून मान काढून म्हणाले, मॅडम, नवमीच्या आत नक्की. मी म्हटलं, डॉक्टर, आहे तसा द्या. ते म्हणाले, तसा कसा देणार?

अष्टमीला दुपारी दिला, जपानी मी तिथंच परत केला. छोट्या मखमली पिशवीत. मी दोरी सोडली आणि पेन हातात घेतला. तो आरशासारखा होता. हिरव्या लाटा पाण्यात बघितल्यासारख्या. टोपण गुळगुळीत. मी ते फिरवलं. पुन्हा फिरवलं. आणि मला कळलं की आबा जे करतात तेच मी करून राहिले होते.

"ओरखडे होते ना तुमचे," डॉक्टर खुशीत म्हणाले, "कवळी ज्या मशीनवर घासतो त्याच मशीनवर हळूहळू घासून काढले. आता शोधून दाखवा."

मी शोधत होतेच.

त्या माणसाला मी काय बोलणार? त्यानं आवडता पेन परत दिला, वर कितीतरी दुपारी त्याच्यावर घालवल्या, एक पैसा घेतला नाही. त्याच्यावर चिडता येईना, आणि चिडल्याशिवाय राहवेना. मी थँक्यू म्हटलं. बाहेर येऊन औसा रोडच्या गर्दीत उभी राहिले आणि एका रिक्षावाल्यावर ओरडले. त्यानं फक्त कुठं जायचं एवढंच विचारलं होतं.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं की या वर्षी नवमीला मला लोह्याला जायचंय. कुळाचार तुम्ही आणि हे बघा. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि जा म्हणाल्या. डबी कंडक्टरकडं देण्यासारखी राहिली नव्हती. पेनाबरोबर सांगायला माणूस लागणार होता.

सकाळच्या गाडीनं निघाले. तोच कंडक्टर होता. म्हणाला, ताई, आज डबी नाही? मी म्हटलं, आज डबीबरोबर मीच. अहमदपूर मागं पडेपर्यंत मी बॅगेतली नेलकटरची कानस काढून तीनदा आत ठेवली. मनात होतं, रस्त्यातच खूण करावी. दोन उभ्या, एक तिरपी. पण खोटी खूण करून खरा पेन दाखवायचा, याच्यासारखं वेडेपण नाही. आणि खरं सांगायचं तर हातही उठला नाही. कारण पेन दिसत होता फार सुंदर.

ओसरीत पोतं अंथरलेलं होतं. हत्यारं मांडून झाली होती. शेवटच्या खुरप्याशेजारी जागा सोडलेली होती, फोटोत दिसली तेवढीच. आबा भिंतीला टेकून बसलेले. मला बघून म्हणाले, "आलीस? पाणी घे." मग लगेच हात पुढं केला.

मी पेन दिला. त्यांनी वजन केलं, वरखाली. ते जुळलं असावं, कारण चेहरा मोकळा झाला. मग अंगठा टोपणावर गेला. एकदा गोल फिरला. मग उलटा फिरला. मग त्यांनी टोपण तोंडाजवळ धरून धूसर डोळ्यांनी बघितलं, आणि पुन्हा अंगठा. भाऊ दारात उभा होता, तोही हलला नाही.

"टोपण कुणाचं हे?" आबांनी विचारलं.

"आपलंच आहे, आबा. पेन पण आपलाच आहे."

"मग खूण?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, दुरुस्ती नव्हती इथपासून. बदलून दिला होता, जपानी घेतला होता, परत मागितला, डॉक्टरांनी मशीनवर घासला. डॉक्टरांना ओरखडा वाटला, आणि ओरखडा आहे असं त्यांना मीच सांगितलं होतं, हेही. आबा ऐकत होते तोवर अंगठा टोपणावर फिरतच होता, जणू सांगणं संपेपर्यंत खूण वर येईल.

"चांगला हाय म्हणायचा डॉक्टर," ते शेवटी म्हणाले. "फुकट घासून दिला."

यात टोमणा होता की नव्हता, मला अजून कळलेलं नाही. त्यांनी भावाला कानस आणायला सांगितली. भावानं आणली. आबांनी टोपण गुडघ्यांत धरलं, कानस टेकवली आणि ओढली. कानस टोपणावरून घसरली. त्यांनी पुन्हा टेकवली, पुन्हा तेच. मग त्यांनी दोन्ही वस्तू माझ्याकडं सरकवल्या. दुकानात पेन सरकवला होता तशा.

"तुझं हत्यार हाय. तू कर."

मी कानस धरली. टोपणात माझं तोंड दिसत होतं. आणि त्या क्षणाला, बापासमोर, हत्यारांच्या रांगेसमोर, माझ्या डोक्यात काय आलं? की आता हे एवढं तकतकीत झालंय, याला चरा पाडला तर ग्रुपमधलं कुणी हातात धरणार नाही. हेच आलं. मला माझी चीड आली. आबांनी माझा थांबलेला हात बघितला नसेल, पण ऐकला.

"जीव व्हत न्हाई का?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. बी महाग झालं का, असं विचारावं तसं.

मी कानस दाबली. एक उभी. दुसरी उभी. हिरवा भुगा माझ्या साडीवर पडला. तिरपी मारताना इतका जोर लागला की कानस पार कडेपर्यंत गेली आणि टोपणाच्या कडेचा एक टवका उडाला. भाऊ तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. मी पेन आबांकडं दिला.

अंगठा फिरला. थांबला. मागं आला.

"खोल झाली," आबा म्हणाले. "आन् तिरपी उलटी गेली."

उलटीच गेली होती. मी ती नुसती आठवून मारली होती, आबांसारखी अंगठ्याला पाठ नव्हती. बघितलेली खूण आणि हाताला माहीत असलेली खूण एक नसते, हे मला पन्नाशीला आल्यावर कळावं. आबांनी पेन शेवटच्या खुरप्याशेजारी ठेवला. कुंकू लावलं. पण जागा सोडलेली होती तिच्यापेक्षा जरासा बाजूला ठेवला, आणि ते मुद्दाम होतं की नजरेमुळं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पुरणपोळी झाली होती. मी जेवले.

संध्याकाळी भावानं पूजेचा फोटो काढून पाठवला आणि मी तो, कशाला कोण जाणे, ग्रुपवर टाकला. खंडेनवमीच्या शुभेच्छा म्हणून. कुणी हात जोडले, कुणी फुलं पाठवली. पेन विकत घेतलेल्या त्या बाईंनी विचारलं, ताई, खुरप्याजवळचा तो कुठला पेन? मग डॉक्टरांचा मेसेज आला. फोटो त्यांनी मोठा करून बघितला असणार.

"मॅडम, हे काय झालं! टोपणाला मोठी इजा झालेली दिसतेय. काळजी करू नका, दसरा झाला की दवाखान्यात आणून द्या. पुन्हा घासून देतो. पहिल्यासारखं करतो."

मी फोनवर राहिलेली ती पाच वाक्यं डॉक्टरांना लिहायला घेतली आहेत. दसरा होऊन गेला, दिवाळी आली. पहिलं वाक्य लिहिते आणि पुसते. डॉक्टर मधूनमधून विचारतात, आणताय ना?